विद्यमान कारभाऱ्यासमोर उभे राहताना

विधानसभेची वा लोकसभेची निवडणूक लढविणाऱ्या मनुष्यास आपल्या प्रतिस्पर्ध्याचे दर्शन बहुधा सभामंचावर अथवा वर्तमानपत्राच्या स्तंभांतच घडते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विद्यमान सरपंचाच्या वा सदस्याच्या विरोधात उभे राहू पाहणाऱ्यास मात्र तो प्रतिस्पर्धी सकाळी डेअरीवर दूध घालताना भेटतो, दुपारी बांधावर भेटतो, संध्याकाळी मारुतीच्या पारावर भेटतो, आणि पुष्कळदा तो त्याच्याच भावकीतला, सामाईक विहिरीच्या पाळीतला, किंवा ज्या घरात आपली बहीण दिली त्या घरचाच असतो. म्हणून हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने एका अर्जाचा आणि काहीशे रुपयांच्या अनामत रकमेचा असला, तरी गावात नांदणाऱ्याच्या दृष्टीने तो पुढील कित्येक वर्षांच्या सहवासाचा विषय होऊन बसतो. तो कोणत्या हेतूने घ्यावा, कोणत्या तयारीने घ्यावा, आणि घेण्यापूर्वी कोणते कागद नजरेखालून घालावेत, याविषयी सविस्तर लिहावे असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

प्रथम ज्या रिंगणात उतरावयाचे त्याची आखणी थोडक्यात पाहू. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कारभार 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये चालतो. 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत, राखीव जागा आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग या गोष्टींना घटनेचे अधिष्ठान दिले, आणि 1994 साली आपल्या राज्यात हा आयोग स्थापन झाला. गावाच्या लोकसंख्येनुसार पंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात, ते प्रभागवार निवडले जातात, आणि एका प्रभागातून बहुधा दोन किंवा तीन जागा असतात. सरपंच पूर्वी सदस्यांमधून निवडला जाई; 2017 साली तो थेट जनतेतून निवडावा असे ठरले, 2020 साली ती तरतूद रद्द झाली, आणि 2022 साली ती पुन्हा आली. राजकीय पक्षांची चिन्हे या निवडणुकीत नसतात. त्यामुळे गावाची लढत गावातल्याच माणसांनी उभ्या केलेल्या पॅनेलांमध्ये होते, आणि पॅनेलाचे नाव ग्रामदैवतावरून ठेवलेले असो की परिवर्तनावरून, त्यामागची खरी फळी घराण्यांची, वस्त्यांची आणि सोसायटीतल्या जुन्या जमाखर्चाची असते.

या व्यवस्थेत विद्यमानांच्या विरोधात अर्ज भरू इच्छिणाऱ्यास सर्वप्रथम ज्या विचाराशी सामना करावा लागतो, तो विचार बिनविरोध निवडणुकीचा होय. गावची निवडणूक बिनविरोध व्हावी, खर्च वाचावा, वैर टळावे, ही भावना मुळात निंद्य नाही. ज्या गावांनी निवडणुकीपायी घरे फुटलेली पाहिली, लग्नकार्यातल्या पंगती वेगळ्या झालेल्या पाहिल्या, त्यांस ही भावना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हीच भावना एकदा गावकीच्या बैठकीत दडपणाचे रूप घेऊ लागली, की अर्ज भरणारा इसम गावचा शत्रू ठरविला जातो, आणि माघारीच्या अंतिम दिवशी दुपारपर्यंत त्याच्या घरी वडीलधाऱ्यांची रीघ लागते. कुणी त्याच्या वडिलांची आठवण काढतो, कुणी मुलाच्या नोकरीची, कुणी पाणंद रस्त्याच्या रखडलेल्या कामाची. आणि या सर्व बोलण्यात त्याने अर्ज का भरला, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

बिनविरोधाची परिणती कोठवर जाऊ शकते हे राज्याने जानेवारी 2021मध्ये पाहिले. चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक त्या महिन्यात होत असताना नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावांत सरपंचपदाची जाहीर बोली लागल्याचे उघडकीस आले, आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बोलीतला पैसा देवळासाठी वा गावाच्या कामासाठी आहे, असे समर्थन अशा प्रसंगी होत असते. ते मला मुळीच मान्य होत नाही. ज्या मनुष्याने पद विकत घेतले त्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार गावाने आपल्या हातानेच सोडून दिलेला असतो, मग त्या पैशातून कळस उभा राहो की सभामंडप.

याच निवडणुकीतील दुसरे उदाहरण मला अधिक मननीय वाटते. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार हे गाव पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1989पासून पाणलोटाच्या आणि ग्रामशिस्तीच्या कामासाठी देशभर नावाजले गेले, आणि सुमारे तीन दशके तेथील निवडणूक बिनविरोध होत आली. 2021 साली मात्र तेथे विरोधात अर्ज आले, मतदान झाले, आणि पवारांच्या पॅनेलाने सर्व सातही जागा जिंकल्या. इतक्या वर्षांची परंपरा मोडली म्हणून हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ होते. मला त्यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही: इतका उत्तम कारभार केलेल्या माणसांनाही मतपेटीतून गावाची संमती नव्याने मिळाली, आणि ज्यांचे मत वेगळे होते त्यांनाही ते गुप्तपणे नोंदविता आले. चांगल्या कारभाऱ्याचे विरोधी उमेदवारामुळे काही बिघडत नाही. वाईट कारभाऱ्याला मात्र त्याच्यामुळे आपली कागदपत्रे नीट ठेवणे भाग पडते.

आता विद्यमानांच्या बळाकडे वळू, कारण ते पुरते न ओळखता उभे राहणे हे धाडस होईल, निर्णय होणार नाही. ज्याच्या हाती पद आहे त्याच्या सहीने धनादेश निघतात, त्याच्या शिफारशीने घरकुलाच्या यादीतले नाव वर-खाली होते असा लोकांचा दृढ समज असतो, नळाची जोडणी, रहिवासाचा दाखला, दिवाबत्तीचा खांब या दैनंदिन गरजांसाठी लोकांची पावले त्याच्या ओसरीकडे वळतात, आणि पाच वर्षांत प्रत्येक उंबरठ्यावर त्याचे एखादे तरी उपकाराचे स्मरण राहिलेले असते. यातली बहुतेक कामे कायद्याने हक्काची आहेत. दाखला देणे हा उपकार नव्हे, आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवूनच मंजूर व्हावयाची असते. तथापि हक्काची गोष्ट कोणाच्या तरी हातून मिळाली म्हणजे घेणाऱ्याला ती त्या हाताचीच देणगी वाटते, आणि आव्हान देणाऱ्यास हा समज बोलण्याने नव्हे तर स्वतः लोकांचे अर्ज लिहून, त्यांच्या पोचपावत्या घेऊन, कचेरीत त्यांच्यासोबत जाऊनच दूर करता येतो. हे काम निवडणुकीच्या आदल्या महिन्यात उरकता येत नाही. माझ्या पाहण्यात विद्यमानांसमोर जे उमेदवार टिकले, ते अर्ज भरण्याच्या वर्ष-दोन वर्षे आधीपासूनच लोकांच्या अर्जांच्या कामी पडलेले होते.

परंतु या सर्वांहून मोठी तयारी दफ्तराची आहे, आणि तिच्याविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. विरोधाची भाषा आपल्याकडे बहुधा सामान्य आरोपाची असते: पैसा खाल्ला, कामे निकृष्ट केली, आपल्याच माणसांचे भले केले. अशा आरोपाने टाळ्या मिळतात, मते क्वचितच मिळतात, कारण ऐकणाऱ्यास दोन्ही बाजू सारख्याच बोलतात असे वाटते. याउलट गटाराच्या कामाचे अंदाजपत्रक काय होते, मोजमाप पुस्तिकेत लांबी किती लिहिली आहे आणि प्रत्यक्ष जागेवर ती किती भरते, हे जो सांगू शकतो त्याचे बोलणे ऐकून घ्यावेच लागते. ही माहिती गुप्त नाही. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, विकासकामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवण्याचे बंधन अधिनियमानेच घातले आहे. घरपट्टीची आकारणी नमुना 8 च्या नोंदवहीत असते. वित्त आयोगाचा निधी कोणत्या कामावर धरला ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात नमूद असते. आणि जे सहजी दाखविले जात नाही ते 2005च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली साध्या अर्जाने मागता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांकरिता बंधित होती, उरलेली अबंधित. एवढी एक गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला पाणीटंचाईच्या गावात पैसाच नव्हता हे उत्तर ऐकून गप्प बसण्याचे कारण उरत नाही.

ग्रामसभेचीही एक बारकाई ध्यानात घेण्याजोगी आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के अथवा शंभर यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांची उपस्थिती लागते. ती नसल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट राहत नाही. अनेक गावांत महत्त्वाचे ठराव अशा तहकूब सभेत, मोजक्या माणसांच्या सह्यांनी संमत झालेले आढळतात, आणि हे बेकायदेशीर नसते. गावच आलेले नसते. जो पुढे उभा राहू इच्छितो त्याने वर्षातून किमान चार वेळा भरणाऱ्या या सभांना हजर राहणे, प्रश्न लेखी देणे आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले की नाही हे पुढच्या सभेत पाहणे, हे त्याच्या उमेदवारीचे खरे पहिले पाऊल आहे. दफ्तर वाचल्यावर कधी असेही होते की विद्यमान सरपंचाविषयीचा संशय फिटतो, निधी आलाच नव्हता किंवा काम वरच्या कार्यालयात अडले होते हे कळते. अशा वेळी उभे न राहण्याचा निर्णय हाही तितक्याच मानाचा निर्णय समजला पाहिजे. बांधाच्या भांडणाचा वचपा काढण्यासाठी, किंवा मागच्या निवडणुकीत आपल्या घराण्यास तिकीट न दिल्याच्या रागापोटी जो अर्ज भरतो, त्याला हे वाचन नकोसे होते. आणि हेतू पारखण्याची याहून सोपी कसोटी मला तरी ठाऊक नाही.

दुसऱ्याचे दफ्तर वाचण्याआधी स्वतःचे मात्र काटेकोर तपासून घ्यावे लागते, कारण विद्यमान पॅनेलाचे पहिले शस्त्र प्रचार नसून छाननीच्या दिवशीची हरकत हे असते. वय 21 पूर्ण हवे आणि गावच्या मतदार यादीत नाव हवे, हे सर्वांस माहीत आहे. परंतु अनर्हतेच्या तरतुदी लांबलचक आहेत. ग्रामपंचायतीच्या करांची मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती न भरल्यास मनुष्य अपात्र ठरू शकतो. म्हणून घरपट्टी-पाणीपट्टी बेबाक करून तसा दाखला जवळ ठेवावा. पंचायतीच्या कामात ठेकेदार म्हणून हितसंबंध असता कामा नये. शासकीय वा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण हे कारण तर फार प्रभावी ठरले आहे, कारण अतिक्रमण मूळ कोणी केले याला महत्त्व नसून ते पुढे चालू ठेवणाराही अपात्र ठरतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2018च्या जनाबाई प्रकरणात लावला. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्राची मुदत सांभाळावी लागते. 12 सप्टेंबर 2001 नंतर अपत्यांची संख्या दोनांपेक्षा अधिक झाली असल्यास उमेदवारी राहत नाही. थेट निवडणुकीत 1 जानेवारी 1995 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या सरपंचपदाच्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक केले गेले. अपत्यसंख्येची अट स्त्रियांच्या बाबतीत मला अत्यंत कठोर वाटते, कारण तिसरे अपत्य व्हावे की न व्हावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य ज्या बाईला घरात कधी मिळालेच नाही, तिलाच त्या निर्णयाची शिक्षा सार्वजनिक जीवनात भोगावी लागते.

स्त्रियांचा उल्लेख आला आहे तर त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. 2011पासून राज्यातील स्थानिक संस्थांत अर्ध्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि प्रत्येक निवडणुकीपूर्वी निघणाऱ्या सोडतीने जागा फिरतात. त्यामुळे अनेकदा ज्याच्या विरोधात उभे राहावयाचे तो विद्यमान सदस्य कागदावर उरतच नाही, त्याच्या जागी त्याची पत्नी वा सून येते, आणि कारभार मात्र तोच चालवितो. अशा ठिकाणी आव्हान देणाऱ्या बाईला दुहेरी लढा द्यावा लागतो: समोरच्या नावाशी आणि त्या नावामागच्या पुरुषाशी. निवडून आल्यावरही तो संपत नाही. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचास, ती सासूसोबत शासकीय जागेवरील घरात राहते असा आक्षेप घेऊन, पदावरून दूर करण्यात आले होते. ती आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहत असल्याचे सांगत असतानाही खालच्या प्रत्येक पायरीवर तो निर्णय कायम राहिला, आणि अखेर सप्टेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत देताना, निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीस, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रीस, इतक्या सहजपणे दूर करता येणार नाही अशा आशयाचे खडे बोल सुनावले. या प्रकरणाची नोंद उभ्या राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक बाईने आणि तिच्या घरच्यांनी घेतली पाहिजे. भीती वाटावी म्हणून नव्हे, तर राहत्या घराचे उतारे, भाड्याच्या पावत्या आणि कराचे दाखले यांची फाईल अर्ज भरण्याआधीच तयार असावी म्हणून.

पॅनेलाचा प्रश्न त्यानंतर येतो. प्रभागात तीन जागा असल्या तर मतदारास तेथे तीन मते आणि थेट सरपंचासाठी आणखी एक, अशी चार बटणे दाबावी लागतात. साहजिकच एकट्याने उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे चिन्ह लोकांच्या ध्यानात राहणे अवघड जाते, आणि पॅनेलातल्या सोबत्यांची भावकीची मते त्याला मिळत नाहीत. म्हणून विद्यमानांसमोर उभे राहणाऱ्यास सोबती जमवावे लागतात, आणि येथेच त्याच्या विवेकाची परीक्षा होते. एखाद्या वस्तीची मते आणणारा पण स्वतःची थकबाकी असलेला, किंवा ज्याचा ठेका मागच्या कारभाऱ्याने नाकारला म्हणून जो रागावला आहे, अशा माणसाला पॅनेलात घेतले तर आकडे जुळतात, परंतु ज्या हिशेबासाठी आपण उभे राहिलो तोच हिशेब उद्या आपल्याला मांडता येत नाही. एक जागा रिकामी गेली तरी चालेल, पण असा सोबती नको, असे माझे स्पष्ट मत आहे; निवडणुकीत ज्यांनी केस पांढरे केले असे जाणते लोक याशी सहमत होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

खर्चाविषयी आयोगाने सदस्यसंख्येनुसार मर्यादा ठरविली आहे, आणि ती कागदावर सर्वच पाळतात. जेवणावळी, गाड्या, मतदानाच्या आदल्या रात्रीचे व्यवहार यांविषयी गावात कोणालाच काही अज्ञात नाही. ज्याने सोसायटीचे कर्ज काढून वा शेताचा तुकडा गहाण टाकून निवडणूक लढविली, त्याला निवडून आल्यावर पदातून ते पैसे वसूल करण्याचा मोह टाळणे जवळजवळ अशक्य होते. सरपंचाचे मानधन 2024 साली दुप्पट केले गेले तरी ते महिन्याला सहा ते दहा हजारांच्याच दरम्यान आहे, हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून करावा. या बैठकीत बायकोचे मत शेवटी न विचारता पहिल्याने विचारावे. प्रचाराच्या दिवसांत घर तिला चालवावे लागते, आणि निकालानंतर नळावर, बचत गटात, जत्रेत विरोधी घरच्या बायकांशी रोज बोलण्याचा प्रसंगही तिच्यावरच येतो.

निकालाच्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात गुलाल उधळला जातो, आणि लहान प्रभागांत निवाडा कधी एक-दोन मतांनी, तर मते समसमान पडल्यास चिठ्ठी काढून होतो. निवडणुकीत खरोखरच बेकायदेशीर काही घडले असेल तर पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो; केवळ पराभव झाला म्हणून तो करू नये. हरलेल्या उमेदवारानेही तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावयाचा असतो, अन्यथा पाच वर्षांपर्यंत अनर्हता येऊ शकते, आणि ही गोष्ट खिन्न मनःस्थितीत अनेकांकडून राहून जाते. तो हिशेब देऊन पोच घ्यावी, ज्यांनी मत दिले आणि ज्यांनी दिले नाही अशा दोघांच्याही दारात एकदा जाऊन यावे, विजयी सरपंचाची भेट घ्यावी, आणि प्रचारात विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे अद्याप मिळाली नाहीत ते लेखी स्वरूपात पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेसाठी ग्रामसेवकाकडे, आता ज्यांस ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वेळेत देऊन ठेवावेत.